धर्म : निरंक (नास्तिकांसाठी अनुभव धागा)

तळटीप (धागाकर्ती)

पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच काढली होती. हल्ली एवढी मेहनत कोणी घेत नाही. अर्जावरचा धर्माचा रकाना, सोसायटीचं बिल आणि घरात मयत झाल्यावर परस्पर गुरुजींना फोन करणारा चुलतमामा, एवढ्यावर भागतं. देव आहे की नाही हा वाद इथे नको. ज्यांना कायदा, कागदपत्रं आणि रीतीभाती ठाऊक आहेत त्यांनी नेमकं लिहा: कुठला अर्ज, किती दिवस, कुठे अडतं. घरच्या कहाण्या टाळा. गाव लहान असतं, दोन तपशिलांत माणूस ओळखू येतो.

आवकजावक

रकान्यापासून सुरू करतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की कुठल्याही अर्जावर धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारी यंत्रणा करू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' असं सांगणंही येतं. कारकुनाला हे माहीत नसतं आणि त्याच्याशी वाद घालून काही मिळत नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहा, निकालाचं पहिलं पान जोडा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक पडला की नुसतं तोंडी 'नाही' म्हणणं जड जातं.

शब्द 'धर्म नाही' असाच लिहा. 'नास्तिक' लिहिलंत तर टंकताना कोणीतरी तुमच्या भल्यासाठी तो 'हिंदू' करून टाकतो. 'मानवता' वगैरे नको, ती 'इतर धर्म' या खात्यात जाते. ऑनलाइन अर्जात रकाना सोडता येत नसेल तर 'इतर' निवडून पडद्याचा फोटो ठेवा. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी बघायचं, कारण जनरल रजिस्टरमध्ये जे चढतं तेच पुढे दाखल्यावर उतरतं, आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांकडे खेटे.

जनगणनेचंही तेच. २०११ च्या तक्त्यात सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते, बाकीच्यांसाठी शब्दांत लिहायचं होतं. त्या वेळी देशभरात नास्तिक म्हणून मोजले गेले ३३ हजारांच्या आसपास आणि धर्म न सांगितलेले २८ लाखांवर. प्रगणक दारात उभा असताना त्याने काय भरलं ते डोळ्यांनी वाचा. तो नाव विचारतो, आडनाव ऐकतो आणि पुढचं स्वतःच भरतो.

पडताळणी

आवकजावक, थांबा, इथे लोक फसतील. अनुसूचित जातीच्या कुटुंबांनी 'धर्म नाही' लिहिण्याआधी दहादा विचार करावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. या तिन्हींबाहेरचं काही शाळेच्या नोंदीत असलं तर जात पडताळणीत तो प्रश्न उभा राहू शकतो, आणि तोही प्रवेशाची तारीख डोक्यावर असताना. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. आडनावाच्या जोरावर सगळीकडे आत जाता येणाऱ्यांनी रकाना खुशाल कोरा ठेवावा, पण तोच सल्ला सगळ्यांना वाटू नये.

तीनसाक्षीदार

लग्न. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

'भटजी नको, हार घालू, सह्या करू आणि हिंदू विवाह म्हणून नोंदवून टाकू' हा बेत कच्चा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ ला रूढीप्रमाणे विधी लागतात. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न उभं राहत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. तमिळनाडूने १९६७ मध्ये कलम ७-अ घालून स्वाभिमान विवाहाला (भटजीशिवायच्या लग्नाला) मान्यता दिली, आपल्याकडे तसं कलम नाही. सत्यशोधक पद्धतीला १८७३ पासूनची परंपरा आहे, पण तिथेही 'निर्मिक', म्हणजे निर्माता ईश्वर, असतोच. ज्यांना काहीच नको त्यांनी सरळ विशेष विवाह कायदा, १९५४ धरावा.

क्रम असा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला. नोटीस फलकावर लागते. एखाद्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर एक प्रत तिकडच्या फलकावरही जाते, आणि घरी कळतं ते बहुतेक वेळा तिथूनच. लपवायचं असेल तर हे आधीच धरून चाला. ३० दिवस हरकतीची मुदत. हरकत चारच कारणांवर टिकते: हयात जोडीदार, मानसिक अक्षमता, वय, निषिद्ध नातं. 'मुलगा देव मानत नाही' ही हरकत नव्हे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. चौथा राखीव न्या, एकाचं ओळखपत्र घरीच राहतं. खोलीत घडतं ते एवढंच: टेबल, रजिस्टर, आणि दोघांनी एकेकदा म्हणायचं एक वाक्य, 'मी तुझा कायदेशीर पती / पत्नी म्हणून स्वीकार करतो / करते' या अर्थाचं, दोघांना कळेल अशा भाषेत. मग सह्या. दोन मिनिटांत संपतं, आणि मागे उभ्या आत्याबाई 'झालं?' म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी कार्यक्रम वेगळा ठेवा. जास्तीचं शुल्क भरून अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, जवळच्या हॉलमध्येही बोलावता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

वारसाहक्काची धास्ती घातली जाते म्हणून: दोघंही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन घरातले असतील तर याच कायद्याच्या कलम २१-अ मुळे वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो, एकत्र कुटुंबातूनही तुटत नाही. कायद्याच्या लेखी नास्तिक 'हिंदू'च राहतो, तुम्हाला आवडो वा न आवडो.

खाडीपलीकडचा

मुस्लिम घरात जन्मलेल्यांसाठी वरचं गणित वेगळं आहे. आपल्यात 'मानत नाही' म्हणणाऱ्याला बाहेरचे हिंदुत्ववादी समजतात आणि घरचे काफिर, त्यामुळे निदान कागद तरी पक्के हवेत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की कलम २१ लागू होतं आणि वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जातो. मुलगी-मुलगा समान, आणि मृत्युपत्राला मुस्लिम कायद्यातली एक तृतीयांशाची मर्यादा नाही. निकाह आधीच झालेला असेल तर कलम १५ खाली त्याच लग्नाची नोंद करता येते. ३० दिवसांची नोटीस तिथेही आहेच. केरळात कासारगोडच्या एका वकिलाने मुलींच्या वारशासाठी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी या कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. तो माणूस धार्मिकच होता, म्हणजे हा रस्ता फक्त नास्तिकांचा नाही.

दफनाचं लेखी सांगून ठेवा. समाजसुधारक हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं, कारण इच्छा स्पष्ट होती आणि ती पाळणारी माणसं जवळ होती. यातलं एक नसलं तरी जमात ठरवते.

फॉर्म्यालिन

मयतीचं लिहितो. पहिल्या तीन तासांत जे ठरतं ते पुढे बदलत नाही.

देहदानाचं संमतीपत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यातली एक जवळच्या नातेवाइकाची घ्या. पण पत्र भरलं म्हणजे झालं असं नाही. देह ताब्यात देतात वारस, आणि एका मुलाने जरी पाय रोवले तरी महाविद्यालय वादात पडत नाही. म्हणून पत्राच्या तीन प्रती: घरात एक, परगावच्या भावंडाकडे एक, शेजाऱ्याकडे एक. शेजारी महत्त्वाचा. पहिला फोन तोच करतो.

देह नाकारतात तो शवविच्छेदन झालेला असेल, पोलीस प्रकरण असेल किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस असेल तर. शवविच्छेदनाचं कारण साधं आहे. देह टिकवायला मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्म्यालिनचं द्रावण भरतात. शवविच्छेदनात रक्तवाहिन्या कापल्या गेलेल्या असतात, द्रावण वाहून जातं. डोळे आधी दान केलेले असले तरी देह मात्र चालतो. नेत्रपेढीला सहा तासांच्या आत बोलवा. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस, डोकं उशीने थोडं उंच.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून नमुना ४-अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) घ्या, त्याशिवाय ना देह स्वीकारतात ना स्मशानाचा पास मिळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. विद्युत वा गॅसदाहिनी असेल तर छातीतला पेसमेकर आधी काढून घ्यायला सांगा, भट्टीत तो फुटतो.

आता माणसं. स्मशानात विधी नसला की हात मोकळे राहतात आणि मोकळ्या हातांची कुजबुज सुरू होते: 'पाणी कोण पाजणार? मडकं कोण धरणार?' त्यांना काम द्या. प्रत्येकाला एक फूल, रांगेने वाहायला. मग एकाने उभं राहून गेलेल्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं शांतता, आणि तिथेच मोठ्याने सांगायचं: 'शोकसभा रविवारी सकाळी दहा वाजता, अमुक ठिकाणी. दहावा-तेरावा होणार नाही, ही त्यांचीच इच्छा होती.' 'त्यांची इच्छा' हे शब्द वगळू नका. 'आम्ही मानत नाही' म्हटलं की वाद सुरू होतो, मेलेल्याची इच्छा म्हटली की बहुतेकजण गप्प बसतात. अंधश्रद्धा आहे ही गोष्ट तुमच्या बाजूने वापरून घ्यायला हरकत नाही.

आईला दहावा हवाच असेल तर? माझं मत: करू द्यावा, तिच्या समाधानासाठी. बसायला मात्र तुम्ही जाऊ नका.

बिलकलेक्टर

वर्गणी. देखभालीच्या बिलात 'उत्सव निधी' घालून पाठवतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमधल्या (नियमावलीतल्या) आकारणीच्या यादीत सण बसत नाही. पण चिडून पूर्ण बिल थांबवू नका, थकबाकीवर सरळव्याज लागू शकतं. ती रक्कम वगळून बाकीचा धनादेश द्या, सोबत पत्र, पोच घ्या. दारावर येणाऱ्या मंडळाकडे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा क्रमांक विचारा. तो सांगताना पावतीपुस्तक हळूच मिटतं.

सोसायटीच्या सत्यनारायणासाठी नवं जोडपं यजमान म्हणून बसवायची पद्धत असते. पूजेची नोटीस लागायच्या आधी सेक्रेटरीला सांगा, 'आम्ही बसणार नाही, वाढायला येऊ.' आदल्या रात्री नकार दिला तर तो अपमान होतो.

दक्षिणदार

गावात वाळीत टाकलं तर: महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडतं पुराव्यावर, कारण गावकीचा ठराव तोंडी असतो. दुकानदाराने कधी माल नाकारला, कोणाचं आमंत्रण परत आलं, दंडाची पावती दिली का, तारीखवार वही ठेवा.

आणि ग्रुपवर देवांची थट्टा करणारी चित्रं फॉरवर्ड करू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (जुनं २९५-अ) जाणीवपूर्वक, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी आहे. न्यायालयाने दखल घ्यायला सरकारची पूर्वमंजुरी लागते, पण अटक त्याआधीच होऊ शकते. 'मी मानत नाही' हा गुन्हा नाही.

आवकजावक

पडताळणी, तुमचं बरोबर, वरच्या प्रतिसादात ती अट मी घालायला हवी होती. जाता जाता: साक्षीला उभं राहिलात आणि शिपायाने 'ईश्वरसाक्ष' म्हणायला सांगितलं तर शांतपणे 'दृढकथन करतो' म्हणा. १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही आहे आणि साक्षीचं वजन सारखंच. मात्र आधी सांगा. वाक्य अर्धं झाल्यावर थांबलात की सगळं कोर्ट वर बघतं.