मदत हवी आहे: स्पॅनिश बोलणाऱ्यांना नोकरीचं इंग्रजी शिकवताना आधी काय घ्यावं?

खडूफळा
ऑनलाइन इंग्रजी शिकवते. सध्या मेक्सिको आणि कोलंबियातली प्रौढ मंडळी आहेत, पातळी ए-टू, म्हणजे रोजची साधी वाक्यं जमतात एवढी. हॉटेल आणि कॉल सेंटरच्या मुलाखती द्यायच्या आहेत. व्यवसायांची ४० नावं चित्रांसकट करून घेतली. चित्र दाखवलं की शब्द येतो, पण 'काय काम करता?' विचारलं की 'आय ॲम वेटर', 'आय वर्क लाइक कॅशियर', 'आय हॅव टू वर्क्स'. एकाने रेझ्युमेत 'करिअर: अकाउंटिंग' लिहिलंय, त्याला पदवी म्हणायची आहे. माझं स्पॅनिश जेमतेम. काय आधी घेऊ आणि काय सोडू?

उलटं_प्रश्नचिन्ह
यादी बाजूला ठेवा. डॉक्टर, ॲक्टर, डेंटिस्ट हे शब्द स्पॅनिशमध्ये जवळजवळ तसेच आहेत, त्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. घोळ वाक्यात आहे.

स्पॅनिशमध्ये 'सोय काहेरो' म्हणजे 'मी कॅशियर आहे'. मध्ये 'अ' लागत नाही, आपल्यालाही लागत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही चूक पटकन खटकत नाही. लक्ष ठेवा. तीनच साचे घोटून घ्या: 'आय ॲम अ कॅशियर', 'आय वर्क ॲज अ कॅशियर', 'आय वर्क इन सेल्स'. 'लाइक' येतं कारण त्यांच्या 'कोमो'मध्ये 'म्हणून' आणि 'सारखा' दोन्ही बसतात. 'वर्क लाइक अ कॅशियर' म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा कॅशियर नाही, नुसता तसा वागतो.

'त्राबाहो'चंही तेच. आपल्या 'काम'सारखा तो नोकरीलाही चालतो आणि कष्टालाही. 'जॉब' मोजता येतो, 'वर्क' नाही, एवढं फळ्यावर लिहा. 'टू जॉब्स', पण 'अ लॉट ऑफ वर्क'. 'ट्रेनिंग' आणि 'ॲडव्हाइस'लाही शेवटी एस लावतात, तिथेच पकडा.

मिरची_लिमोन
वरच्याशी सहमत. भर घालते ती फसव्या जोड्यांची. त्यातली सगळ्यात महागात पडणारी म्हणजे 'बाचियेरातो'. मेक्सिको आणि कोलंबियात ते शालेय शिक्षण, म्हणजे ढोबळमानाने आपली बारावी. विद्यार्थी सरळ 'बॅचलर्स' लिहून मोकळा होतो. कंपनीने कागदपत्रं तपासली की नसलेली पदवी दाखवल्यासारखं होतं. 'हायस्कूल डिप्लोमा' लिहायला लावा. 'कारेरा'चा अर्थ बहुतेक वेळा पदवीचा अभ्यासक्रम असतो, तिथे 'डिग्री इन अकाउंटिंग' हवं.

बाकीच्या भराभर सांगते. 'फोर्मासियोन' म्हणजे ट्रेनिंग किंवा शिक्षण, 'फॉर्मेशन' नाही. 'आक्तुआलमेंते' म्हणजे 'करंटली'. 'आय ॲक्चुअली वर्क इन अ बँक' म्हटलं तर समोरच्याचं म्हणणं खोडून काढल्यासारखं वाटतं. 'आसिस्तिर' म्हणजे हजर राहणं, म्हणून मीटिंग 'असिस्ट' होत नाही, 'अटेंड' होते. 'कोम्प्रोमिसो' म्हणजे बांधिलकी, 'कमिटमेंट'. 'कोंदुक्तोर' म्हणजे ड्रायव्हर. 'कोसिनेरो' म्हणजे स्वयंपाकी, 'कुक', त्याचा 'कुकर' करतात, ती शिट्टी वेळीच बंद करा. आणि हॉटेलवाल्यांसाठी खास: 'हेफे' म्हणजे बॉस, पण तोंडातून 'माय शेफ' निघतं. स्वयंपाकघर असलेल्या जागी हा गोंधळ खराखुरा होतो.

'आधीची नोकरी का सोडली?' हा प्रश्न ठरलेलाच. 'रेनुन्सियार'वरून 'आय रिनाउन्स्ड' येतं. 'आय रिझाइन्ड' किंवा बोलताना 'आय क्विट' पाठ करून घ्या.

उलटं_प्रश्नचिन्ह
उच्चार राहिले. स्पॅनिशमध्ये स नंतर व्यंजन आलं की शब्द 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'एस्किल्स', 'एस्टाफ'. 'नको' म्हणून ते जात नाही. 'स्स्स्' लांब ओढायला लावा आणि श्वास न तोडता 'किल्स' जोडायला सांगा. 'जॉब'चा 'यॉब' होतो. 'मुचो'तला च त्यांना येतोच. जीभ तिथेच ठेवून घशातून आवाज काढायचा, की इंग्रजी ज मिळतो. 'व्हेकन्सी'ची 'बेकन्सी' होते, तिथे वरचे दात खालच्या ओठावर दिसले पाहिजेत, कॅमेरा बंद ठेवू देऊ नका. पण ताई, आपल्याही 'व'मध्ये दोन इंग्रजी ध्वनी एकत्र झालेले असतात, तेव्हा आधी आपले 'व्हेट' आणि 'वेट' तपासा.

खडूफळा
खूप उपयोग होतोय. पगाराच्या प्रश्नाचं काय करू? अपेक्षित आकडा विचारला की अडखळतात.

मिरची_लिमोन
त्यांच्या डोक्यात महिन्याचा 'सुएल्दो', म्हणजे पगार, असतो. अमेरिकी कंपनी तासाचा किंवा वर्षाचा आकडा बोलते. म्हणून आकड्यामागे 'ॲन आवर', 'अ मंथ', 'अ यीअर' बोलल्याशिवाय वाक्य पूर्ण धरू नका. 'ग्रॉस' (कपातीआधीचा) आणि 'नेट' (हातात येणारा) ही जोडीही त्याच तासाला. मेक्सिकोत कायद्याने २० डिसेंबरच्या आत किमान १५ दिवसांच्या पगाराएवढा 'आगिनाल्दो' हा बोनस मिळतो, कोलंबियात 'प्रिमा' हा बोनस जून आणि डिसेंबरात विभागून. दोन्हींना इंग्रजीत 'इयर-एंड बोनस' म्हणून उडवू नका, प्रिमाचा अर्धा भाग जूनमध्येच येतो.

लेखी आकडे वेगळे तपासा. कोलंबियात हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, मेक्सिकोत याच्या उलट. कोलंबियन विद्यार्थ्याने फॉर्मवर '१.५००' लिहिलं तर त्याला दीड हजार म्हणायचे असतात, पण वाचणाऱ्याला दीड दिसतं. त्याला स्वल्पविराम टाकून लिहायला लावा आणि 'फिफ्टीन हंड्रेड' असं तोंडाने वाचूनही घ्या.