मदत हवी आहे: कोळीवाड्याच्या मासळी बाजाराला सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, किनाऱ्यावरचं, छोट्या नगरपरिषदेचं. कोळीवाड्यात छपराचा मासळी बाजार, सार्वजनिक शौचालय आणि सांडपाण्याचं गटार, एवढ्यासाठी निधी मंजूर झालाय. अंदाजपत्रक तयार आहे. पण जागा भरतीरेषेपासून साधारण ऐंशी मीटरवर, म्हणून 'सीआरझेडमध्ये बसत नाही' असं तोंडी सांगून फाईल बाजूला ठेवलीय. लेखी काहीच नाही. मार्चअखेर पैसे परत जातील.

बायका आज रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून बसतात. पाट्यांतलं बर्फाचं पाणी थेट खालच्या घरांच्या अंगणात उतरतं आणि पावसात त्यातूनच ये-जा करावी लागते.

२०१९ची सीआरझेड अधिसूचना मी वाचली. वाडी नगरपरिषदेच्या हद्दीत असली तरी नकाशात सीआरझेड-३ ब (कमी घनतेची वस्ती) दाखवलीय, म्हणजे २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. पण त्याच क्षेत्रात स्थानिकांसाठी लागणारं शौचालय, रस्ता, पाणीपुरवठा, सांडपाण्याची सोय प्रकरणागणिक किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजुरीने करता येते, असं स्पष्ट लिहिलंय. मग सरसकट नकार कशाच्या आधारावर? नियमाने अडवलंय असं मला तरी वाटत नाही. अंदाजपत्रक करताना नकाशा कोणी उघडलाच नाही, आणि आता पुन्हा सुरुवात करायची कोणाची तयारी नाही.

ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी कृपया सांगावं:

२०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त वस्ती असेल तर '३ अ' आणि ना-विकास पट्टा फक्त ५० मीटर. ही घनता अख्ख्या गावाची धरतात की वाडीची? आमची वाडी खचाखच भरलेली आहे, पण हद्दीत डोंगर आणि आंबा-काजूच्या बागाही येतात. वर्गवारी चुकली असेल तर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात दुरुस्ती मागता येते का?

प्रस्तावासोबत द्यायचा १:४००० प्रमाणाचा नकाशा अधिकृत संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो ना? त्याचा खर्च कामाच्या निधीतून दाखवता येतो का?

शौचालय आणि गटार वेगळं काढून आधी पाठवावं की बाजारासकट एकच प्रस्ताव करावा?

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा किनारा समितीत मच्छीमारांचे प्रतिनिधी असतात. त्यांच्यामार्फत विषय लावून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? दापोली, गुहागर, मालवणकडच्यांनी जरूर लिहा. मंजूर प्रस्तावाचा नमुना असेल तर फार उपयोग होईल.