‘पेडँटिकली’ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादी: एका अनुवादात अडकलेय. लहान पोरगी धावत येते, “पाणी उकळलं!” घरी आलेला पाहुणा चष्मा पुसत म्हणतो, “पाणी उकळलं नव्हे, पाण्याला उकळी आली.” पुढे मूळ इंग्रजीत एकच शब्द, ‘पेडँटिकली’, म्हणजे क्षुल्लक चुकांवर बोट ठेवत. मला पहिलं सुचलं ‘पांडित्यप्रदर्शनपूर्वक’. तेवढं वाचेपर्यंत पाणी गार होईल.

चकटफू: ‘पंडिती थाटात’?

अनुवादी: थाट म्हटलं की मिरवणं आलं. ह्याला मिरवायचं नाहीये हो, त्याला ते खरंच खुपतंय.

जुनीवही: ‘पढतमूर्खासारखं’? दासबोधात दुसऱ्या दशकाचा दहावा समास अख्खा त्याच्यावरच आहे.

चकटफू: तो बोलतो एक, वागतो भलतंच. हा नुसता किरकिरा. माझी आजी अशांना म्हणायची, “घटंपटं पुरे, जेवायला चला.”

जुनीवही: वा! न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, उदाहरणाला सदानकदा घट नाहीतर पट, म्हणजे घडा आणि वस्त्र. ‘खटपट’ही तिथलीच असणार.

काटेकोर: मुळीच नाही. ‘खटपट’ आवाजावरून आलेला शब्द आहे. आणि तुम्हाला हवा तो शब्द ‘पंडितंमन्य’, स्वतःला पंडित मानणारा. ‘पंडितंमन्यपणे’ लिहा. अनुस्वार गाळू नका.

चकटफू: मी जन्मभर ‘पंडितमन्य’ लिहितोय. कुणाचं काही अडलं नाही.

काटेकोर: अडत नाही म्हणून शुद्ध ठरत नाही. पाणिनीचं व्याकरणसूत्र ‘आत्ममाने खश्च’ (३.२.८३) पाहा. खश् प्रत्ययामुळे मध्ये ‘म्’ येतो, तोच हा अनुस्वार.

चकटफू: ताई, घ्या, तुमचा पाहुणा इथेच सापडला. ह्यांच्या बोलण्यापुढे क्रियाविशेषण लावायची गरजच नाही.

काटेकोर: यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आणि ‘ह्यांच्या’ नव्हे, ‘यांच्या’.

जुनीवही: दोन्ही चालतं हो काका. मुद्द्याचं बोलायचं तर मराठीत हे काम क्रियापदं करतात. माणूस अक्कल पाजळतो, काथ्याकूट करतो, शब्दाचा कीस काढतो. ‘पणे’ची शेपटी लावली की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं वाटतं.

काटेकोर: ‘सहजपणे’, ‘मोकळेपणे’ ही काय परिपत्रकं आहेत?

चकटफू: ‘मोकळेपणानं’ म्हणतो आम्ही.

काटेकोर: बोलताना म्हणा. लिहिताना ‘ने’.

अनुवादी: शेवटी ‘शब्दाचा कीस काढत म्हणाला’ करून मजकूर पाठवला. संपादकांनी ‘कीस पाडत’ करून परत पाठवलाय. आता ह्यातलं बरोबर कुठलं?