अनुभव धागा : कुंडीतलं झाड कामून रुसलंय?

गच्चीवाली, लातूर
मंडळी, कढीपत्त्यानं पार वैताग आणलाय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडायलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत टाकलं, आंबट ताक घातलं, शेजारच्या काकू म्हणल्या गंजके खिळे पुर, तेबी पुरले, फरक शून्य. पाणी बोअरचं. तुम्ही काय काय केलंय ते सांगा, फसलेलं पण सांगा, नुसतं यूट्यूबवरचं नको.

परभणीकर
ताई, कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक लोह कमी पडायलंय. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती तर नत्र म्हणलो असतो. आपल्या काळ्या मातीत चुना, वरून बोअरचं क्षाराचं पाणी, मग लोह मातीत असूनबी झाडाला उचलता येत नाही, खिळ्यानं काय होतंय! मी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणलो, पाकिटावरच्या मापानं संध्याकाळी पानांवर फवारलो, पंधरा दिवसांनी परत. फरक नवीन फुटीवर बघा, जुनी पिवळी पानं मोजत बसू नका.

बोअरवाला, जालना
पाण्याचं खरंय. माझ्या कुंड्यांना बाहेरून मिठासारखा पांढरा थर यायचा. त्यात मी शहाणपणा केला, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वर्षभर गुलाबाला घातलं, पाणी वाचवतोय म्हणून खूश. चार गुलाब गेले तेव्हा डोक्यात आलं की मशीन क्षार काढून त्याच पाण्यात तर सोडतंय, म्हणजे ते बोअरपेक्षाही खराब. एसीचं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार नसतात. आता पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्या कुंड्या पन्हाळीखाली सरकवतो, खालची भोकं मोकळी करतो, साचलेला क्षार धुऊन जातो.

लेकीची आई, नांदेड
माझं वेगळंच. गावाकडून पोतंभर काळी माती आणली, म्हणलं आपल्या रानाची माती, मोगरा कसा फुलेल! मे महिन्यात माती आकसली अन् कुंडीच्या कडेनं बोटभर फट पडली. वरून पाणी घातलं की खालून धो धो बाहेर, मला वाटायचं भिजलं, उलट रोज दोनदा घालायले मी, अन् झाड सुकतच चाललंय. शेवटी उपटलं तर मधला गोळा विटेसारखा कोरडा. आता एक भाग काळी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं करते. कुजलेलं हं! मागं एकदा कच्चं शेण टाकलं तर त्यात हुमणी निघाली, पांढऱ्या जाड अळ्या, मुळं कुरतडून ठेवली. वर वाळल्या पानांचा थर देते, फट पडत नाही.

जास्वंदवाले काका, अंबाजोगाई
जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. मी भर दुपारी भांड्याच्या साबणाचं घट्ट पाणी मारलं, ढेकूण गेला की नाही माहीत नाही पण पानं भाजली. आता निंबोळ्या उन्हाळ्यात वेचून वाळवून ठेवतो, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायचं, चिमूटभर साबण, अन् ऊन उतरल्यावर मारायचं. मुंग्या मात्र आधी हटवा, ढेकणाच्या गोड चिकटासाठी त्याच त्याला सांभाळतात. फांदी फारच भरली असली तर सरळ कापून टाका, जीव अडकवू नका.

नवीन माळी, संभाजीनगर
लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसते म्हणून मी रोज पुसायचो, एक दिवस ती चालायली. फुलपाखराची अळी. पुढं हिरवी होते अन् रोपटं छोटं असलं तर फस्त करते. हातानं काढायची, औषध कशाला.
अन् टोमॅटोची फुलं एप्रिल-मे मध्ये गळाली तर खत वाढवू नका, 40 च्या वर पारा असला की फळ धरतच नाही.

औसेकर
2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आठवतंय का? तेव्हा बागेचं नाव काढलं तरी घरात शिव्या. लिंबाच्या बुडाशी जुना पाझरणारा माठ गळ्यापर्यंत पुरला, वर झाकणी, भाजी अन् तांदूळ धुतलेलं पाणी त्यातच ओतायचो. माठ हळूहळू झिरपतो, मुळं आपली त्याला बिलगतात. तेवढं एक झाड जगलं. रंग दिलेला माठ घेऊ नका, झिरपत नाही.

गच्चीवाली, लातूर
महिन्यानं लिहायले, माफी. दोन फवारण्या झाल्या, शेंड्याला सात-आठ पानं हिरवीगार आलीत. खिळे काढायला कुंडी उकरली तर अकरा सापडले, पुरले होते बारा. आता एसीचं पाणी बादलीत धरते, पण सासूबाई तेच उचलून तुळशीला घालायल्यात, कढीपत्त्याला उरतंय ते बोअरचंच. ह्यावर फवारा असला तर सांगा.