आखेनला एक वर्षासाठी आलेय, पण कुणाशी ओळखच होत नाहीये

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, पुण्यात मेकॅनिकल करतेय आणि एक्सचेंजमधून दोन सेमिस्टरसाठी जर्मनीत आखेनला आलेय. सप्टेंबरच्या शेवटी पोचले तेव्हा पत्ता नोंदवा, बँक, विमा, सिमकार्ड ह्यातच इतकी धावपळ झाली की बाकी काही सुचलंच नाही. आता ती कामं संपली, लेक्चर सुरू झालीत आणि खरा प्रश्न आता आलाय. हॉलमध्ये तीनचारशे पोरं, हजेरी नाही, प्रोफेसर येतात बोलतात जातात, शेवटी सगळे टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करतात आणि पाच मिनिटांत हॉल रिकामा. शेजारी बसणारा रोज वेगळा. होस्टेलला मजल्यावर एकच किचन आहे, तिथे लोक भेटतात पण हालो म्हणायचं, पास्ता उकळायचा, ताट घेऊन खोलीत, दार बंद.

आपल्या मुलामुलींचा ग्रुप आहे, रोज संध्याकाळी एकत्र स्वयंपाक, मजा येते खोटं कशाला बोलू. पण मग वर्षभर हेच केलं तर पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेऊन राहिल्यासारखंच झालं ना?

दुसरं म्हणजे अभ्यास. आपल्याकडे इनसेम, सबमिशन, टर्मवर्क, व्हायवा, कायम काहीतरी मानेवर असतं. इथे फेब्रुवारीपर्यंत कुणी काही विचारतच नाही आणि त्याचीच जास्त भीती वाटतेय. जे राहून गेलेत त्यांनी सांगा प्लीज. आणि "मिसळत जा" एवढंच नका सांगू, ते आई रोज सांगते.

नगरी_मिसळ

आधी अभ्यासाचं सांगतो, कारण ओळखी मार्चमध्ये झाल्या तरी चालतात, परीक्षेची तारीख हुकली तर मात्र काही करता येत नाही. कोर्सला नाव घातलंस म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं इथे नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर स्वतः करायची, आणि ती खिडकी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते. नाव काढून घ्यायचीही एक शेवटची तारीख असते, ती उलटल्यावर परीक्षेला गेलं नाही तर सरळ ५.० म्हणजे नापास. आजारी असशील तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच द्यावं लागतं. ह्या तारखा आजच फोनमध्ये टाक, मेल येईल आठवण करून देणारा ह्या भरवशावर राहू नकोस, येत नाही.

आता फेब्रुवारीपर्यंत कुणी विचारत नाही म्हणजे काम नाही असं नाही. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. ५ क्रेडिटचा विषय म्हणजे जवळपास १५० तास, त्यातले लेक्चर आणि उबुंग (गणितं सोडवायचा तास) मिळून साठेक तास होतात, उरलेले नव्वद तुझे तू बसून करायचे. हे गणित ऑक्टोबरात केलं तर आठवड्याला सहा तास पडतात, जानेवारीत केलं तर झोप उडते. आपल्याकडे ३० मार्कांचं इनसेम हातात असतं म्हणून एन्डसेमला निभावतं, इथे बऱ्याच विषयांत ती एकच परीक्षा. शेवटच्या रात्री डिकोडचं गाईड वाचून पास होणारी जनता इथे आपटते.

आणि उबुंग सोडू नकोस!! ग्रुप लहान असतो. ओळखी लेक्चरला होत नाहीत, तिथे होतात, कारण तिथे अडकायला होतं आणि शेजारच्याला विचारावंच लागतं. आणि तुमच्या डिपार्टमेंटची फाखशाफ्ट असेल, विद्यार्थ्यांचीच संघटना, त्यांच्या ऑफिसात जा. जुने पेपर त्यांच्याकडे असतात किंवा कुठे मिळतील ते सांगतात. मी पेपर मागायला गेलो होतो आणि खेळांच्या संध्याकाळीचं आमंत्रण घेऊन आलो. तुझं जे दाराबंदचं निरीक्षण आहे ना ते बरोबर आहे, पण त्यात आकस नसतो. न विचारता कुणी काही सांगणार नाही, विचारलंस तर अर्धा तास उभं राहून नीट सांगतील, वर नकाशा काढून देतील.

अजून एक, विषय बदलले असशील तर पुण्याच्या कोऑर्डिनेटरकडून मेलवर लेखी ओके घे. फोनवर "हो हो चालेल" ला परत गेल्यावर काही किंमत नसते.

खिचडी_एक्सप्रेस

मी थोडं उलटं बोलतो. आपल्या लोकांबरोबर जेवण्यात काही पाप नाही राव. इथे काही लोक असे सल्ले देतात की मराठी बोललात की तुमचं एक्सचेंज फुकट गेलं. मी कार्ल्सरूहला होतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी मला आमच्या गँगनेच तारलं. ताप आला तर मुगाची खिचडी कोण आणून देणार, उबुंगवाला? 

फक्त एक पथ्य आम्ही पाळायचो, टेबलावर एक जरी परका माणूस असला तर सगळ्यांनी इंग्लिश किंवा मोडकं जर्मन बोलायचं, आणि स्वयंपाक खोलीत लपून न करता मजल्याच्या किचनमध्ये करायचा. आमच्याकडे एकाने मिरचीचा ठेचा भाजायला घेतला, धुराचा अलार्म वाजला, अख्खा मजला चपला घालून खाली. शिव्या बसल्या थोड्या, पण दुसऱ्या दिवशी दोघं विचारत आले की काय होतं ते. तेव्हा खिडकी आधी उघड, मग फोडणी. आणि किचनच्या साफसफाईचा तक्ता लावलेला असेल त्यात तुझा आठवडा कधीही चुकवू नकोस. इथे दोस्ती नाही झाली तरी चालते पण पुट्झप्लान चुकवणारा माणूस लोकांच्या वर्षभर लक्षात राहतो.

कलोनची_ताई

कृष्णाकाठ, मी तुझ्यापासून तासाभरावर कलोनला राहते, शिकायला आले आणि इथलीच झाले. वरचे दोघंही बरोबर आहेत, पण एक गोष्ट दोघांनी सांगितली नाही. इथे माणसं "भेटू कधीतरी" ह्यावर भेटत नाहीत, दर मंगळवारी सात वाजता ह्यावर भेटतात. म्हणून आठवड्याला ठरलेल्या वारी होणारं काहीतरी एक धर. सगळ्यात स्वस्त म्हणजे युनिव्हर्सिटीचे खेळाचे कोर्स, बॅडमिंटनपासून क्लाइंबिंगपर्यंत सगळं असतं आणि फी अगदी किरकोळ. नोंदणी उघडते त्या क्षणाला लॉगिन करून बसायचं, चांगले कोर्स तत्काळच्या तिकिटासारखे संपतात. ह्या वेळचं हुकलं असेल तरी वेटिंगवर नाव टाक, पोरं नोव्हेंबरात गळतात. पहिले दोन आठवडे कुणी बोलणार नाही, तिसऱ्या-चौथ्याला "तू मागच्या वेळी नव्हतीस" असं कुणीतरी म्हणेल, समज झाली ओळख.

तू मेकॅनिकलची ना, आरडब्ल्यूटीएचला, म्हणजे आखेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीला असशील तर एक्युरी एक्स बघ, त्यांची फॉर्म्युला स्टुडंटची टीम, रेसिंग कार स्वतः डिझाइन करून बनवतात. पुण्यात बाहा किंवा सुप्रा, त्या कॉलेजांच्या गाडी बनवायच्या स्पर्धा, केलं असेल तर तुला सांगायला नको तिथे काय वातावरण असतं. वेळ खूप खाते मात्र, क्रेडिट कमी घेतले असशील तरच. नाहीतर एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये हिवीचं (विद्यार्थी सहाय्यकाचं) काम बघ, आठवड्याला थोडे तास, पैसे मिळतात आणि रोज दुपारी बरोबर मेन्साला (युनिव्हर्सिटीच्या खानावळीत) जाणारी माणसं मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि युनिव्हर्सिटीतलं हिवीचं काम त्या दिवसांत साधारणपणे मोजत नाहीत.

आता अंधाराचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, मग भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. डिसेंबरात तुमच्याकडे सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला मावळतं, वर पाऊस. हे अंगावर येतंच, तू कमजोर आहेस म्हणून नाही. दुपारी अर्धा तास उजेड असताना बाहेर पड, जेवायला मेन्सात जा, तीन-चार युरोत गरम जेवण होतं आणि माणसं दिसतात. आईला संध्याकाळी फोन करायची सवय असेल तर ती बदल, तुझे सात म्हणजे साताऱ्यात साडेअकरा, ती झोप मोडून बसणार आणि तू तिच्यासाठी संध्याकाळ अडवून ठेवणार. सकाळी निघताना कर, तुझे साडेसात तिचे बारा, तिचा स्वयंपाक आटपलेला असतो. आणि फारच खाली खाली वाटलं तर स्टुडिरेंडेनवेर्कचं (होस्टेलं आणि मेन्सा चालवणारी संस्था) समुपदेशन फुकट असतं, इंग्लिशमध्येही मिळतं. अपॉइंटमेंटला वेळ लागू शकतो म्हणून अगदी टोकाला जाईपर्यंत थांबू नये.

पेणचे_पोहे

नमस्कार, मी विद्यार्थी नाही, आई आहे. मुलगा पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीला जाईल बहुतेक. तुमचं वाचून धीर आला आणि थोडी धाकधूकही वाटली. मध्येच विचारते, सोबत काय काय द्यावं? त्याचे बाबा म्हणतात सगळं मिळतं तिकडे. आणि ते व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक अकाउंटचे पैसे पुरतात का हो?

नगरी_मिसळ

काकू, बाबांचं नव्वद टक्के बरोबर आहे. तूरडाळ, कणीक, पोहे, हिंग सगळं एशियन किंवा इंडियन दुकानात मिळतं, मसूर आणि छोले तर साध्या सुपरमार्केटातही. गोडा मसाला आणि मेतकूट द्या, ते नाही मिळत सहज. कुकर देणार असाल तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा द्या, बऱ्याच होस्टेलांत इंडक्शन असतं आणि साधा अॅल्युमिनियमचा त्यावर तापतच नाही. थंडीचं जॅकेट इकडूनच घेऊ दे त्याला.

पैसे, अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात (वर्षाचे ११,९०४). सरकारी होस्टेलची खोली मिळाली तर नीट पुरतात, विमा धरूनसुद्धा, विद्यार्थ्यांचा सरकारी विमा महिना १४० च्या आसपास जातो. बाहेर खोली घ्यावी लागली, त्यातून म्युनिकसारखं शहर असलं तर ओढाताण. खोलीचा अर्ज प्रवेशपत्र यायच्या आधी करता येत असेल तर आधीच करा, वेटिंग कधी कधी दोन-तीन सेमिस्टरचं असतं. घर न बघता कुणी डिपॉझिट मागितलं तर एक रुपयाही पाठवू नका, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणणारे सगळे चोर.

कृष्णाकाठ

थँक्यू सगळ्यांना, एवढं लिहिलंत. उबुंग मी दोन विषयांची सोडली होती कारण ती जर्मनमध्ये आहे, ह्या आठवड्यापासून जाते, गणिताला भाषा किती लागते बघू. बॅडमिंटनच्या वेटिंगला नाव टाकलंय. ताई, एक्युरी एक्सचं बघितलं, आम्ही बाहाला सस्पेन्शन केलं होतं त्यामुळे हात शिवशिवतायत पण २८ क्रेडिट घेऊन बसलेय, उन्हाळी सेमिस्टरला विचारेन.

अजून एक शंका, बँकेने कार्डचा पिन पोस्टाने पाठवलाय म्हणे, आलाच नाही. आणि कुणीतरी म्हणालं की टीव्हीची फी भरायचं पत्र येतं, माझ्याकडे टीव्ही नाहीये, ते फ्रॉड असतं का?

कलोनची_ताई

पत्रपेटीवर तुझं नाव लावलंयस का? इथे खोली नंबरवर टपाल येत नाही, नावावर येतं. पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र सरळ परत पाठवतो. पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर सगळं पोस्टानेच येतं, त्यामुळे आज कागदावर नाव लिहून चिकटव, मग होस्टेलच्या हाउसमाइस्टरकडून (केअरटेकरकडून) नीट पट्टी करून घे, आणि बँकेला पिन परत पाठवायला सांग.

टीव्हीचं पत्र खरं असतं, पत्ता नोंदवलास की येतंच. टीव्ही असो नसो, घरामागे महिना १८.३६ युरो, माणसामागे नाही. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये एकाने भरलं की झालं, बाकीच्यांनी त्याचा फीचा खाते नंबर कळवायचा. होस्टेलला तुझी खोली वेगळं घर धरतात की मजला मिळून एक ते बांधणीवर असतं, मजल्यावर जो सगळ्यात जुना राहतोय त्याला विचार. पत्र फेकून मात्र देऊ नकोस, मागची थकबाकी धरून येतं.

खिचडी_एक्सप्रेस

म्हणजे बघ, किचनमध्ये बोलायला विषयही मिळाला. त्या फीला शिव्या घालायला कुठलाही जर्मन पास्ता बाजूला ठेवतो.