पिवळ्या बागेला डबा ओतायचा की खुंट बदलायचा?

काळीमाती, दिंडोरी: द्राक्षबागेत खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात वेल मागे कापतो ती) शेंडे पिवळे दिसले की आपण लोह कमी पडलं म्हणून फेरस सल्फेट या लोहखताचा डबा ओतून मोकळे. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी नसतं, अडकलेलं असतं, आणि ओतलेलंही तसंच अडकतं. उणीव भासली की द्राक्ष, टोमॅटोची मुळं आम्ल सोडतात, फेरिक लोहाचं शोषता येणारं फेरस करतात आणि आत ओढतात. ही यंत्रणा चालू करणारं ‘फेर’ जनुक टोमॅटोत 2002 साली ओळखलं गेलं. ते बिघडलेलं रोप मातीत लोह असूनही पिवळं पडतं. म्हणून माझं मत: डबे कमी करा, डॉगरिज खुंट (ज्याच्या मुळावर द्राक्षाचं कलम बांधतो तो) डोळे झाकून लावू नका, चुना सोसणारा खुंट मागा.

ड्रिपवाला, पिंपळगाव: खुंट म्हणजे ड्रिपची नळी नाही दादा, उपसली आणि दुसरी टाकली! डॉगरिज आपण क्षार आणि पाणीटंचाईसाठी घेतला. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) असेल तर मुळाने सोडलेलं आम्ल तिथेच मरतं. जनुक कितीही जागं असो. आधी पाणी तपासा.

काळीमाती: मग शेजारचा गहू त्याच पाण्यावर हिरवा कसा? गवतवर्गीय मुळं लोहाला बांधून घेणारा पदार्थ सोडतात आणि बांधलेलं लोह तसंच आत घेतात. रीतच वेगळी.

ड्रिपवाला: ऊसही गवतच. खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) केवडा, म्हणजे लोहाअभावी पानांचा पिवळेपणा, कसा पडतो?

काळीमाती: गवतागवतात फरक आहे. जव तो पदार्थ भरपूर सोडतं, भात अगदी थोडा. वाण बघा म्हणतो ते यासाठीच.

देठपरीक्षण, नाशिक: दोघंही मुळातच अडकलात. 1996 साली वाटाण्यावर कलमं करून पाहिली होती. लोह गरजेपेक्षा जास्त साठवणाऱ्या वाणाचा शेंडा साध्या मुळावर बांधला, तर साधी मुळंही जोरात कामाला लागली. म्हणजे हुकूम वरूनही येतो. आपली बाग तर कलमाचीच! नुसता खुंट बदलून भागेल हे मला पटत नाही.

काळीमाती: ताई, वाटाणा म्हणजे द्राक्ष नव्हे. आणि हुकूम आला तरी राबायचं मुळालाच ना?

ड्रिपवाला: ते ठरवा तुम्ही. मला या छाटणीचं सांगा.

देठपरीक्षण: जमिनीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर असेल तर ईडीटीए या रसायनात बांधलेलं लोह जमिनीतून देऊ नका, टिकत नाही. ईडीडीएचएत बांधलेलं घ्या. महाग आहे, पण टिकतं.

काळीमाती: म्हणजे शेवटी डबाच! दुकानदार खूश.