गाडी बोटीवर चढवून उत्तरेला गेलेले कोण कोण आहेत? या, लिहा

डिचोलकरीण
काल मुलाने विचारलं, "आई, चतुर्थीला भरती किती वाजता?" मी तांबडी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "तीन." त्याने मोबाईलवर बघितलं तर तीन वाजून काही मिनिटं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, जशी काही मी हवामान खात्यातून रिटायर झालेय.

बाबा मांडवीवर, पणजीसमोरच्या बेतीच्या फेरीबोटीवर कामाला होते. घरी घड्याळ एकच आणि तेही पुढे पळणारं, पण पाण्याची वेळ बाबांच्या बोटांच्या पेरांवर असायची. तिथीचा पाऊणपट करायचा, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पायजम्याला डिझेल आणि खाऱ्या पाण्याचा मिळून एक वास यायचा. काल त्या "तीन" बरोबर तो वास नाकात आला, हातातली भाजी तशीच राहिली.

तर विषय असा. मुलाने आणि सुनेने एक जुनी ट्रॅव्हलर घेतलीय, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी सगळं बसवलंय. दिवाळीनंतर केरीहून तेरेखोल, मग किनाऱ्या-किनाऱ्याने जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, मांडव्याहून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मुंबई, आणि तिथून पुढे हजिरा-घोघा करून सोमनाथला. मोजले तर सात वेळा पाण्यावरून. मलाही चल म्हणतात. तुम्ही अशी गाडी बोटीवर नेली असेल तर लिहा. जुन्या आगबोटीचे अनुभवही चालतील.

आरोंदेकर
केरीलाच अडकाल. आम्हाला पाणी कमी म्हणून दोन तास बसवलं होतं. किरणपाणीच्या पुलावरून या सरळ, जाता जाता आमच्याकडे चहा घ्या.

डिचोलकरीण
पुलावरून जायचं तर मग मजा काय राहिली? चहाला मात्र येऊ.

माशेलचो_मेस्त
ताई, गाडीचं शेपूट किती आहे ते आधी मोजा. मागच्या चाकाच्या मागे जो भाग लोंबतो तो. मी दोन वर्षांपूर्वी भावाची अशीच गाडी घेऊन दाभोळला उतरलो. ओहोटी लागलेली. धक्का उतरता, बोटीची फळी (जिच्यावरून गाड्या चढतात-उतरतात ती) खाली गेलेली, दोन्हींच्या मध्ये इंग्रजी व्ही. पुढची चाकं धक्क्यावर चढली आणि मागे कर्रर्र... पाण्याच्या टाकीचा नळच सिमेंटला घासून तुटला. ऐंशी लिटर पाणी दाभोळच्या जेटीवर. लोकांना वाटलं डिझेल, सगळे विड्या फेकून पळाले.

बोटीवरचा खलाशी शांतपणे दोन फळ्या घेऊन आला, मागच्या चाकांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "आता सावकाश घ्या, फळीवर चाक आलं की शेपूट उचलतं." तसंच झालं. माडाच्या खोडाच्या फळ्या, दीड हात लांब, दोन इंच जाड. तेव्हापासून गाडीत दोन फळ्या कायम. बायको म्हणते पोळपाट कुठे ठेवू?

काणकोणची_मिरी
😂😂 विड्या फेकून पळाले

थंडीतलो_गोंयकार
मी ॲबर्डीनला असतो. मागच्या जूनमध्ये भाड्याची कॅम्पर घेऊन शेटलंडला गेलो, लर्विकची बोट. संध्याकाळी बसलो, सकाळी साडेसातला उतरलो. तिथे तिकीट गाडीच्या लांबीवर असतं आणि मागचा सायकल लावायचा स्टँडही लांबीत धरतात. मी धरला नव्हता. धक्क्यावर माणूस टेप घेऊन आला तेव्हा मला आपल्या पणजीच्या भाजी मार्केटमधली तराजूची भांडणं आठवली.
गॅसचा कॉक बंद करून दाखवायला लावला. बोट सुटली की गाडीत थांबता येत नाही, सगळ्यांनी वर. मी भोळेपणाने कुकरमध्ये खिचडी लावायचा बेत केला होता.
जूनमध्ये तिथे रात्र होतच नाही, नुसती संधिकाळासारखी उजेडी राहते, तिथले लोक त्याला सिमर डिम म्हणतात. पडदे नसतील तर झोप विसरा. आमचा मुलगा रात्री एक वाजता "बाबा, शाळा?" म्हणून उठला.

म्हापशेकरीण
किती छान लिहिलंय. मेंढ्या रस्त्यात येतात का हो तिकडे? आमच्याकडे म्हशी.

थंडीतलो_गोंयकार
येतात. म्हशींपेक्षा मठ्ठ.

पणजेतलो_पोरणो
आगबोटीचं कोणीतरी विचारलं म्हणून लिहितो. कोकण सेवक आणि कोकण शक्ती. मुंबईहून सकाळी सुटायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला. मधल्या बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेरच उभी राहायची आणि पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे. दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण... रात्री झोपेत नुसते हाकारे ऐकू यायचे, आणि मग कोणाची तरी ट्रंक, कोणाची तरी कोंबडी, कोणाची तरी म्हातारी पडावात उतरायची. माझी मोठी बहीण लग्न होऊन देवगडला गेली ती अशीच, शालूवर पडावात. आई वरून कठड्याला धरून उभी. पडाव वर आला की उतरायचं, खाली गेला की थांबायचं. तीन वेळा ती थांबली. चौथ्या वेळी खलाशाने सरळ दंडाला धरून ओढली. आई मग वेंगुर्ल्यापर्यंत काही बोलली नाही.
तुम्ही जाताय तो रस्ता म्हणजे त्याच बोटीचा, फक्त जमिनीवरून आणि उलटा.

सातेरीची_लेक
काका 🙏 काटा आला.

केपेंकार
आमच्या आजीसमोर लाँचचं नावही काढायचं नाही. तिचं माहेर रेवसकडचं. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या, रामदास बोट. मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या आळीतले चौघे त्यात होते. त्यामुळे आमच्याकडे पावसाळ्यात खाडी ओलांडायची नाही असा नियमच आहे, अजूनही. तुम्ही दिवाळीनंतर जाताय ते बरं.

शिरोड्याचो_जावंय
मीही शिरोड्याहून मुंबईपर्यंत हाच प्रवास केला, पण अल्टोने. पाच बोटी, तीन दिवस. सगळ्यात सुंदर दिघी-आगरदांडा, लांबून जंजिरा दिसतो. मुरूडला पापलेट मात्र...

काणकोणची_मिरी
शिरोडा कुठचा? फोंड्याचा की वेंगुर्ल्याकडचा?

शिरोड्याचो_जावंय
वेंगुर्ल्याकडचा. मिठाचा सत्याग्रह झाला तो.

बोरीचो_आंबो
आमचा शिरोडा मूळ. 😎

शिरोड्याचो_जावंय
सुरू झालं.

स्टेपनी
कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग-ओटा बसवला असेल तर तो बदल आरसीवर चढवलाय का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52. मूळ रचनेत बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि आरसीवर नसेल तर विमावाले अपघातानंतर हात वर करतात. माझ्या मित्राचं तेच झालं. विमा कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून पैसे मिळणार असते तर लिहिलं असतं.

डिचोलकरीण
हे विचारते आजच. मुलगा "होतंय गो आई" म्हणतोय म्हणजे झालेलं नाही.

वाळपयचो_वारो
मद्याचं लक्षात ठेवा हां. इन्सुलीला, हद्दीपलीकडे, तपासणी नाका आहे. सोमनाथला जाताय म्हणजे पुढे गुजरात, तिथे तर दारूबंदीच. काजूची एक बाटली "औषधाला" म्हणून ठेवायची आपली सवय घरी ठेवून जा.

माशेलचो_मेस्त
माझ्या सासऱ्यांचं औषध दर वर्षी वाढतं.

धक्क्यावरची_पोर
मी जयगडची, आता पर्वरीला. ताई, तुमच्या बाबांचा हिशेब बरोबर आहे, पण गोंयच्या सवयीने जाऊ नका. आपल्याकडे उधाणालासुद्धा पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. जसं उत्तरेला जाल तसं वाढतं. मुंबईला उधाणात चार मीटरच्या वर. खंबातच्या आखातात, म्हणजे तुमच्या घोघ्याकडे, दहा मीटरपर्यंत! केरीला जो उतार तुम्हाला किरकोळ वाटेल तोच बागमांडल्याला जिन्यासारखा दिसेल.

माझे आजोबा म्हणायचे, जड माल भांगाला चढवावा, उधाणाला नाही. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही टोकाला. तुमच्या गाडीचं शेपूट लांब असेल तर खाड्या अष्टमी ते दशमीत उरकून घ्या. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सकाळची पहिली बोट जवळजवळ भरल्या पाण्यावर मिळते. दुपारी बाराची ओहोटी असली तरी भांगाची, फळी तेवढी खाली जात नाही.

आणि शेवटची बोट किती वाजता ते आदल्या गावात विचारूनच निघा. तवसाळची बोट चुकली तर वळसा मोठा आहे, आणि त्या रस्त्यावर रात्री फक्त कोल्हे.

डिचोलकरीण
अगं, हे बाबांनी कधी सांगितलं नाही. की सांगितलं आणि मीच ऐकलं नाही. त्यांच्या बोटीवर पाच मिनिटांची नदी, त्यांना कशाला लागलं असेल भांग-उधाण.

पणजेतलो_पोरणो
लागलं होतं. 5 जुलै 1986, मांडवीवरचा नेहरू पूल पडला. त्यानंतर सगळं गोंय बेतीच्या फेरीबोटीवर. ट्रक, बस, दूध, वर, वरात. भर पावसात, उधाणात. तुमचे बाबा तेव्हा होते?

डिचोलकरीण
होते. किती तरी दिवस घरी फक्त झोपायला यायचे. मी आठवीत होते, डबा घेऊन धक्क्यावर जायची. गर्दीतून डबा हातोहात पुढे जायचा, माणसं ओळखीचीही नसायची, पण रिकामा डबा त्याच वाटेने परत यायचा. एकदा त्यात कोणीतरी खाजें, आपला जत्रेतला गोड खाऊ, घालून पाठवलं होतं. कोणी ते कधी कळलं नाही.

म्हापशेकरीण
माझे मामा असतील. ते सगळ्यांना खाजें वाटायचे. (गंमत करतेय)

केपेंकार
मुक्कामाचं कोणी सांगा ना. रात्री गाडी कुठे लावायची?

शिरोड्याचो_जावंय
देवळाच्या आवारात, आधी विचारून. हेदवीला आम्हाला पाणीही भरू दिलं आणि सकाळी प्रसाद. पेट्रोल पंपावर झोप लागत नाही, ट्रकवाले रात्रभर हवा भरतात.
वाळूवर अजिबात लावू नका. केळशीला एकाने समुद्राच्या तोंडाला लावून तंबू ठोकला होता. पहाटे ट्रॅक्टर बोलवावा लागला, आणि ट्रॅक्टरवाला भाव सांगायच्या आधी समुद्राकडे बघतो. जितकं पाणी जवळ तितका भाव.

काणकोणची_मिरी
फेब्रुवारी-मार्चला गेलात तर वेळासला कासवांची पिल्लं. वेसवीच्या जवळच. सोमनाथ काय पळून जातोय?

वाळपयचो_वारो
एवढं करण्यापेक्षा कोकण रेल्वे ट्रक नेते ना वेर्ण्याहून कोलाडला, 1999 पासून. त्यावर चढवा ट्रॅव्हलर आणि झोपा. हायवेचं काम नातवंडांच्या लग्नापर्यंत होतंय की नाही बघू.

स्टेपनी
हायवेचा विषय काढू नका, धागा हजार प्रतिसादांवर जाईल.

थंडीतलो_गोंयकार
एक विसरलो. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. आणि कपाटांना कड्या लावा. आमच्या कपाटातलं लोणचं समुद्रात असताना उघडलं. गाडी परत दिली तेव्हा भाड्यावाल्याने हुंगून विचारलं, हा कसला वास. मी म्हटलं, आमची आई.

सातेरीची_लेक
😂 कसलं लोणचं? तोरांचं, कोवळ्या कैऱ्यांचं?

थंडीतलो_गोंयकार
मिस्कुटीचं, कैरीच्या फोडींचं. तोरांचं मी कुणाला सांडूच देत नाही.

सातेरीची_लेक
माझ्या मिस्कुटीला यंदा बुरशी आली. मीठ कमी पडलं का कोणी सांगेल?

बोरीचो_आंबो
मीठ कमी. शिवाय बरणी उन्हात ठेवली होती का?

डिचोलकरीण
लोणच्याचं चालू द्या, मी मध्येच एवढंच लिहिते. पंचांग घेऊन बसलो काल तिघं. निघायचं ठरलंय सप्तमीला, म्हणजे जयगडला नवमी, बागमांडल्याला दशमी. मांडव्याला पोचेपर्यंत बारस होते, पण तिथे धक्का चांगला म्हणतात. घोघ्याला मात्र पौर्णिमा गाठतेय, त्याचं अजून जमत नाहीये, सून म्हणते मुंबईत माझ्या बहिणीकडे आठवडाभर राहू. ते ऐकून मुलगा उधाणालाच जाऊया म्हणतोय.
आरसीवरचं काम राहिलंच होतं. अर्ज केलाय, ते झाल्याशिवाय मी पाय टाकत नाही गाडीत.
माशेलच्या मेस्तांनो, फळ्या कापून घेतल्या, दीड हात. सुताराने विचारलं कसल्या, म्हटलं शेपटाच्या. आता त्या पलंगाखाली जात नाहीत, दोन बोटं जास्त झाल्यात.

माशेलचो_मेस्त
ओट्याच्या मागे उभ्या लावा. तिथेच पोळपाट असतो.